कोडवर लागलेलं कुंकू

लॅपटॉपवर लाल अक्षरं आली, शेजारच्या अण्णानं वाचून सांगितलं, "अक्का, गेम चोरीचा हाय म्हणायलंय." चोरीचा कामून आसंल? नवऱ्यानं हैदराबादच्या दुकानातनं विकत घेऊन लेकीला पाठवला होता, बाप तिकडून आन् लेक इकडून, दोघं मिळून खेळणार होते. पर गेमचा डबा घरी आला त्या दिवशी खंडेनवमी. सासूबाईंनी विळ्या-कोयत्यासंगं गेमचा डबाबी पूजेला मांडला, घरभर झेंडूचा वास, आन् डबा उघडून ओल्या कुंकवाची बोटं नेमकी आतल्या कागदावर ओढली, गेम चालू कराया लागतो त्यो कोड त्याच्यावरच छापलेला. मी पुसाया गेले तर अक्षरंबी पुसली. मग अंदाजानं कोड घालायलो, तर आमीच चोर ठरलो! "पोलीस येतेत का ओ?" मी इचारलं. अण्णा हसला, "आले तर आधी माझ्याकडं येतील. माझ्या पेनड्राइव्हात ह्योच गेम फुकटचा हाय, कोड मागत न्हाई. पर त्यात नेटवर खेळता येत न्हाई, बाप भेटायचा न्हाई, पोरीनं एकटीनंच खेळायचं." लेक तर रडायलीच. सासूबाई म्हणायल्या, "देवाचं कुंकू हाय, वाईट कसं हुईल?" मला तर आजबी उमगंना, पैसे देणारा चोर आन् फुकट्याचा गेम कसा चालतो? तुमी माझ्या जागी आसता तर तो पेनड्राइव्ह घेतला आसता का?