चारनं भागलेला पगार

माझा पगार मी चारनं भागला आणि साळ्याचा पाचनं. मुद्दाम नाही. माझा पगार चौथ्या आठवड्यात संपतो, म्हणून हात आपोआप चारावर गेला. त्याचा महिनाअखेरपर्यंत पुरतो, म्हणून पाचावर. एवढ्यानं माझी आठवड्याची कमाई सरकारी माणसाच्या बरोबरीला आली. आणि मी, धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात पंचवीस वर्षं बिलाच्या खिडकीवर बसलेला माणूस, स्वतःच्या आकडेमोडीवर खूश होऊन आडवा झालो.

आकडेमोड मुलीसाठी होती. कॉलेज संपल्याबरोबर तिला एका खासगी कंपनीत नोकरी लागली होती आणि ती मजेत होती. पण रविवारी मामा येणार होता. मामा म्हणजे हाच साळा, बायकोचा मोठा भाऊ, सरकारी कार्यालयात बाबू. पोरीनं नोकरी सोडावी, क्लास लावावा, सरकारी परीक्षेला बसावं, हे त्यानं बहिणीला जवळजवळ पटवलं होतं.

"बाबा, तुमची सगळी जिंदगी प्रायव्हेटमध्ये गेली," मुलगी म्हणाली, "तुम्हीच काहीतरी सांगा त्यांना."

दहावीच्या भूमितीनंतर तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच मदत मागितली होती. भूमितीत काय झालं होतं ते ती विसरली असावी.

आता आठवड्याचाच हिशोब कशाला, तर आमच्या घरी महिना नव्हताच. वडील हातमागावर लुगडी विणत, मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी, हप्त्याच्या हप्त्याला मिळे. कुठलीही मोठी रक्कम ऐकली की अजूनही मी आधी ती आठवड्यांत मोडतो.

रविवारी मामानं गोळाभातावर गरम तेल ओतून घेतलं आणि मी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडलेला हिशोब त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो वाचला. घास थांबला नाही.

"जवाईबापू, माह्या पगाराचे हप्ते पाच, अन् तुमच्या पगाराचे चारच काहून? दवाखान्यात महिना छोटा राहते का जी?"

"माझा पगार चार आठवड्यांतच संपतो ना," मी खरं ते सांगितलं.

मुलगी ताटात पाहून हसू दाबत होती.

"बरं, अन् हा आकडा कागदावरचा का हातातला?"

हा माझा दुसरा गुन्हा. खासगीवाल्याला पगार विचारला की तो कागदावरचा सांगतो. सरकारी माणूस सगळं कापून हातात पडतो तेवढाच सांगतो, तोही उसासा टाकून. मी माझा कागद त्याच्या उसाशाशी ताडून पाहिला होता. मामानं डाव्या हातानं सगळं दुरुस्त केलं, तेव्हा त्याचा एक आठवडा माझ्या दीड आठवड्याला भारी पडला.

"आमच्या लग्नाच्या वेळी उलटं होतं," मी म्हणालो.

हे मात्र खरं होतं. सासऱ्यांनी मला पसंत केलं त्यात माझ्या तेव्हाच्या पगाराचा मोठा हात होता, चेहऱ्याचा कमी. मग एक वेतन आयोग आला आणि साळा एका उडीत पुढे गेला. दुसरा आला आणि तो दिसेनासा झाला. माझी पगारवाढ दर दिवाळीला मिठाईच्या डब्यासोबत येते, आणि दोन्हींत डबाच जड असतो.

"पाहा, मामाचं खरं आहे," बायको पोळी वाढत म्हणाली.

झालं, पोरीची नोकरी गेली असं मी धरून चाललो. तेवढ्यात पोरीनं पेन उचललं.

"मामा, नोकरी लागायच्या आधी तुम्ही किती वर्षं परीक्षा दिल्या?"

"चार."

"पाच," बायको म्हणाली, "रोज चहा मीच देत होती ना, दादा."

"मग त्या पाच वर्षांचे हप्ते यात कुठं आहेत? शून्य लिहू?"

मामाचा घास पहिल्यांदा थांबला.

"अन् तुमच्यासोबत बसणारे होते, ते सगळे लागले?"

"आमच्या खोलीत आम्ही चौघं होतो," मामा म्हणाला. "मी एकटा लागलो."

मुलीनं शून्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"मी नोकरी सोडत नाही," मुलगी म्हणाली. "नोकरीत राहून अभ्यास करते, एकदा परीक्षा देते. लागली तर तुमच्यासारखी पाचनं भागीन, नाहीतर बाबांसारखी चारनं."

मामानं बोटं चाटली. "फॉर्म तर भर वं पोरी. फी मी देतो."

त्यानं बहिणीकडे पाहिलं. तिनं मान डोलावली आणि विषय मिटला.

मामा गेल्यावर मी पत्रिका उचलली आणि बायकोला ऐकू जाईल असं म्हणालो, की शेवटी माझाच कागद कामी आला. तिनं तो माझ्या हातातून घेतला, उभ्या-उभ्या वाचला आणि म्हणाली, "तुमचा पगार चार हप्त्यांत संपते, हे तुम्ही आज दादासमोर कबूल केलं. मंग पंचवीस वर्षांपासून पाचव्या हप्त्याले या घरात सैपाक कशावर होऊन राहिला, ते विचारलं का कधी?"