बदलीचा बैल

मिरजेच्या स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, एवढंच विचारलं, "त्या बाईंच्या संस्थेत जाऊन तू बघणार काय?" हुबळीच्या धान्यबाजारात आमच्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, दुकान होतं. मी सहा वर्षांची असताना शारदाक्का नावाच्या एका शिक्षिकेने आमची भरलेली बैलगाडी भर रस्त्यात अडवली आणि बैल सोडवून नेला. अप्पांना ते फार लागलं. वर्षभरात दुकान आवरून ते मिरजेला आले. शारदाक्का आता नाहीत, पण मुक्या जनावरांसाठी त्यांनी काढलेली संस्था अजून चालू आहे असं कानावर आलं होतं. माझी नोकरी संपली होती, वेळ होता, म्हणून निघाले.

खानापूरपासून अळणावरपर्यंत दोन्ही बाजूंनी झाडी होती. धारवाड मागे पडल्यावर ती विरळ झाली आणि काळी जमीन सुरू झाली. दुपारच्या आत हुबळी आली. रिक्षावाल्याला संस्थेचं नाव सांगितलं तर तो "माहीत आहे की" म्हणाला आणि थेट जुन्या हुबळीतल्या एका गल्लीत घेऊन गेला. तिथे स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं.

"ते उणकलला गेले, बरीच वर्षं झाली," दुकानदार म्हणाला.

रिक्षावाला ओशाळला. "आमचे वडील म्हैस घेऊन इथंच यायचे हो, ताई. मला तेवढंच ठाऊक."

चूक झाली ते बरंच झालं. समोरचा चढ मी ओळखला. आमची गाडी इथेच अडवली होती. आठवणीत तो केवढा तरी होता. आता वरपर्यंत चालत गेले तर दमही लागला नाही. अर्थात माझ्यामागे पोती नव्हती. कोपऱ्यावर गिरमिट (चिंचगुळात कालवलेले चुरमुरे) खाल्लं आणि पुन्हा रिक्षात बसले.

उणकलचं तळं तसंच आहे, गाव मात्र शहरात विरघळलं आहे. दोन नव्या इमारतींच्या मधे संस्थेचं पत्र्याचं फाटक सापडलं. आत कडुलिंब, एक लांब गोठा, पायाला पट्टी बांधलेली चार-पाच कुत्री आणि एक आंधळं गाढव. गोठ्याच्या पायरीवर पांढरा पटका बांधलेला एक म्हातारा विळ्याने कडबा तोडत होता.

"बर्री (या), कूड्री (बसा)," तो म्हणाला. नाव बसप्पा. अक्कांच्या वेळेपासून इथे असलेला तो एकटाच उरला होता. मी मिरजेहून संस्था बघायला आले एवढंच सांगितलं.

तेवढ्यात एक शेतकरी बैल घेऊन आला. त्याने तो दावणीला बांधला आणि शेजारचा, खांद्यावर जखमेचा ताजा वण असलेला, सोडून घेतला. "कामाला चांगला आहे, वळायला तेवढा आळशी," जाताना तो बांधलेल्या बैलाकडे बोट करून म्हणाला.

"हा बदलीचा बैल," बसप्पाने सांगितलं. "कुणाचा बैल दुखावला तर इथं ठेवून घ्यायचा आणि बरा होईपर्यंत आमचा द्यायचा. अक्कांनी घालून दिलेला नियम."

"अक्कांना हे सुचलं कसं?"

"माझ्यामुळं," तो सहज म्हणाला आणि विळा बाजूला ठेवला. "मी बाजारात एका साहुकारांच्या धान्याच्या दुकानाची गाडी हाकत होतो. बैलाचा खांदा सुजलेला. सकाळी सांगितलं की मी त्यांना, आज नको. ते म्हणाले, एक खेप कर. चढावर बैल बसला. अक्का शाळेतून येत होत्या. त्यांनी छत्री बैलावर धरली आणि स्वतः उन्हात उभ्या राहिल्या, पोती उतरेपर्यंत. साहुकार आले. अक्का म्हणाल्या, 'याच्या खांद्याला एकदा हात लावून बघा.' ते पाठ फिरवून गेले आणि बैल अक्कांनी सोडवून नेला. दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं."

"मग?" मी विचारलं.

"मी अक्कांच्या दारात गेलो. रागातच होतो. म्हटलं, बैलाच्या बाजूनं तुम्ही बोललात, माझ्या बाजूनं कोण? घरात तीन लेकरं आहेत. त्या दारातच उभ्या. मग म्हणाल्या, 'बसप्पा, हे माझ्या ध्यानात आलं नाही. चुकलं माझं.' त्या महिन्यात त्यांनी दोन बैल मिळवले आणि मला ठेवून घेतलं. त्यानंतर गाडीवानाची सोय केल्याशिवाय त्यांनी एकही बैल सोडवला नाही."

आता ओळख लपवणं बरं दिसलं नसतं. मी म्हटलं, "बसप्पा, ते साहुकार म्हणजे माझे वडील."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "धाकटी का तुम्ही? दुकानाच्या पायरीवर शेंगा खात बसायची, ती?"

"हो. अप्पा गेले. त्यांनी तुमचं नाव कधी काढलं नाही."

"कशाला काढतील," तो म्हणाला. त्यात रुसवा नव्हता. "पाच-सहा वर्षं राग धरला होता मी. नंतर दावणीला इतके बैल आले नि गेले, राग धरायला सवड राहिली नाही. ऊटा आतेनरी (जेवलात का)?"

गिरमिटाचं सांगायचा धीर झाला नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही असं त्याच्याबरोबर गोठ्याच्या पायरीवर बसून जेवले. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि अप्पांना शेवटी काय झालं होतं ते विचारलं. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिरजेला पोचले. अण्णाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे अप्पा चुकले, असं म्हणतेस?"

"हो," मी म्हटलं. आमच्या घरात हे आजवर कोणी म्हटलं नव्हतं. अण्णा उठला नाही, रागावलाही नाही.

खरं तर चूक अक्कांचीही झाली होती. पण बसप्पा दारात येऊन बोलला तेव्हा त्यांनी ऐकलं, आणि त्या ऐकण्यातून त्यांची संस्था उभी राहिली. अप्पांनाही बसप्पाने सांगितलं होतं, गाडी अडवली त्या दिवशी सकाळी, ती जुंपायच्या आधी; त्यांनी ऐकलं नाही.