सुलूचा डावा पाय

आधीच सांगतो, भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही. गाव खटकचिंचोळी, भालकीत माझं बियाण्यांचं दुकान. असल्या लोकांचा मला राग का येतो, तेही ऐका.

धाकटी बहीण सुलू (नाव बदललंय) राजेश्वर गावात दिलेली. चालताना तिचा तोल जायचा, डावा पाय ओढायची. सासू म्हणे, "नाटकं करायलीय." एक दिवस त्या बाईनं तापलेलं उलथनं सुलूच्या डाव्या पोटरीला लावलं... नाटक उघडं पाडायला! पाय बधिर, सुलू ओरडली नाही. झालं — "बघा, बाहेरचं हाय!" नवरा तिथंच उभा होता. तो माणूस दिसला की आजही माझे हात शिवशिवतात.

मी तिला घरी आणलं. एमआरआय केला. मल्टिपल स्क्लेरोसिस! नसांवरचं आवरण खराब होतं, मेंदूचा निरोप वाटेत अडकतो. औषधं सुरू झाली. मग कलबुर्गीच्या डॉक्टरांनी विचारलं, या आजारावर आमचा अभ्यास चालू आहे, याल का? डोक्यावर चुंबकाची कॉइल धरून झटका द्यायचा आणि निरोप पायापर्यंत किती वेळात पोचतो ते मोजायचं. "यानं बरं होणार नाही," हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. सुलूच म्हणाली, "चल अण्णा. नाटक न्हाई, हे कागदावर येऊ दे."

सकाळचे अकरा वाजले होते. सुलू आत, दार बंद. मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसलेलो. एकदम माझा डावा पाय उडाला, चप्पल समोरच्या भिंतीला लागली. वाटलं, गोळा आला. जरा वेळानं पुन्हा. मी पाय दोन्ही हातांनी दाबून धरला, तरी उडाला. असं सात वेळा... मग थांबलं.

थोड्या वेळानं टेक्निशियन बाई बाहेर आल्या. "उजवा पाय उशिरा का होईना, उत्तर देतोय. डाव्यासाठी सात झटके दिले, एकदाही हलला नाही."

सुलू भिंतीला धरत मागून आली. "हालला की! सातीबी वेळा हालला. मला आतून कळायलं व्हतं. ह्या न्हाई म्हणायल्यात. कामून?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्या पायाकडं बघितलं. मग म्हणाली, "दुखलं का रे तुला?"

उलथनं लागलं तेव्हा हे तिला एकानंही विचारलं नव्हतं!

डॉक्टरांनाही सांगितलं, ते हसले नाहीत. पुढच्या वेळी सुलूला आत झटके देताना त्यांनी मला बाहेर बसवून माझ्याही पायाला तारा लावल्या. काही नाही, सरळ रेघ. "मला सांगता येणार नाही," एवढंच म्हणाले.

रिपोर्ट घेऊन मी राजेश्वरला गेलो, अंगणात उभा राहून मोठ्यानं वाचला. सासू म्हणाली, "कागदाला काय कळतंय?" शेजारी हसले. पायाचं मात्र तिथं बोललो नाही, गावातही नाही. बोललो असतो तर त्याच दिवशी लोकांनी औषधं बंद करून मांत्रिक बसवला असता.

सुलू आता माझ्याकडंच असते, काठी घेऊन चालते. त्या दिवशी माझा पाय कुणी हलवला, मला ठाऊक नाही. डॉक्टरांना ठाऊक नाही, आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं.

राजेश्वरच्या त्या घरात मात्र सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.