बावीस पानं आणि यमुनाबाईंची बांधी

तुमसर रोडला गाडी जेमतेम थांबते. त्या घाईत मी छत्री वरच्या बर्थवर विसरले, पण प्रवचन नाही विसरले. ते बावीस पानी प्रकरण मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरलं होतं. आषाढातला पाऊस, मी चिंब आणि कागद कोरडे!

आधी सांगते हे प्रवचन कसलं. मी सुवार्ता, मूळची नगरची. बी.एस्सी. झाल्यावर पुण्याच्या एका सेमिनरीत (चर्चचे पाळक, म्हणजे पास्टर, घडवणाऱ्या विद्यालयात) आले. आता शेवटचं वर्ष. ग्रीकमध्ये पहिली, मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) इतिहासात पहिली आणि प्रवचनाच्या विषयात चक्क नापास. सर म्हणाले, "तू वहीशी बोलतेस. समोर माणसं बसलीत हे तुझ्या गावीही नसतं." मग त्यांनी अट घातली. आठवडाभर एका खेड्यातल्या मंडळीत राहायचं, एक प्रवचन करायचं आणि ऐकणाऱ्या तिघांचे अभिप्राय बंद पाकिटात आणायचे. ते बरे आले तर पदवी, नाहीतर गाशा गुंडाळायचा. इकडे आईनं लेक पाळकबाई होणार म्हणून अख्ख्या नगरात सांगून ठेवलेलं. खरं सांगते, भीतीनं मला अन्न गोड लागत नव्हतं.

तुमसरहून सिहोऱ्याची एसटी मिळाली. शेजारच्या बाईंनी माझ्या निथळत्या वेणीकडे पाहून विचारलं, "कोणाच्या इथं जाऊन राहिली वं?"

"पास्टरांकडे. रविवारी चर्चमध्ये बोलायचंय."

"आता कायले आली? रोवणी चालू हाय. गावात कुत्रं बी नाई भेटन तुले."

रोवणी म्हणजे भाताची लावणी. मी नुसती हसले. रविवारी तरी लोक येतीलच की! खिडकीतून दोन्ही बाजूंना बांध्या (बांध घालून केलेले शेताचे तुकडे) पाण्यानं डबडबलेल्या दिसत होत्या. मधूनच एखादा तलाव यायचा आणि रस्त्याला अगदी खेटून जायचा. मी बघत होते, पण मनात पान सातवं घोकत होते.

सिहोऱ्याच्या अलीकडच्या फाट्यावर उतरले. गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला एक माणूस मोटरसायकलपाशी उभा होता. मजूर असेल म्हणून मी बॅग त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "पास्टर कुठे भेटतील?"

"भेटले जी," बॅग गाडीला बांधत तो म्हणाला. "मीच होय."

कपाळ माझं! वाटभर मी माफी मागत होते आणि पास्टर वाटभर हसत होते. घरी त्यांच्या बायकोनं गरम भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि तरोट्याची (पावसाळ्यात आपोआप उगवणारी रानभाजी) भाजी वाढली. मी तीनदा भात घेतला. भीती गेली नव्हती, पण तरोट्यापुढे तिचं काही चाललं नाही.

रविवारी इस्त्रीची साडी नेसून चर्चपाशी गेले, तर दाराला कुलूप.

"आज यमुनाबाईची बांधी हाय," पास्टर म्हणाले. "सारी मंडळी तिथंच."

"त्या आपल्या मंडळीतल्या?"

"नाई जी, ते देवीची भक्तीण. पण परवा तिनं आमची बांधी रोवली, आज आमी तिची. पऱ्हे (भाताची कोवळी रोपं) एकदा उपटले का थांबत नाईत. म्हणून रोवणीच्या दिवसांत आमची उपासना धुऱ्यावर, जेवणाच्या सुट्टीत."

धुरा म्हणजे बांध. त्यावर वीसेक बायका पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. प्रार्थना झाली आणि मी पान पहिलं उघडलं. विषय होता येशूनं सांगितलेला बी पेरणाऱ्याचा दाखला. काही बी वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, काही खडकावर, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. तिसऱ्या पानावर मूळ ग्रीक शब्दाची फोड करत होते, तेवढ्यात सत्तरीच्या यमुनाबाईंनी भाकरीचा हात वर केला.

"थांब वं. त्यानं रस्त्यावर बी काहून टाकलं?"

"टाकलं नाही, पडलं."

"अन् गोट्यावर?"

"तेही पडलंच."

"अन् काट्यात बी! बाप्पा! असा गडी त मी धुऱ्यावर उभा नाई करीन."

हशा पिकला. पास्टरांनी गमछा तोंडाला लावला. इथे बियाणं आधी वाफ्यात टाकतात आणि मग एकेक रोप हातानं चिखलात रोवतात. दाणा वाया घालवणं यांना ठाऊकच नाही. मी पानं चाळली. बावीस पानांत या साध्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडून निघून गेलं, "मला नाही माहीत. मी कधी भात लावलाच नाही."

"मंग उतर खाली."

उतरले. पहिल्याच पावलाला डावी चप्पल चिखलानं गिळली ती गिळलीच. जेवण आटोपून बायकाही रांगेत उतरल्या आणि यमुनाबाईंनी मला शेजारी घेतलं. "तीन-चार काड्या धर, अंगठ्यानं दाब अन् मागं मागं सरक."

"उपटलेलं रोप जगतं का हो?"

"चार रोज पिवरं पडते. वाटते, गेलं. मंग धरते."

कंबर वाकलेली, साडी खोचलेली आणि पानं धुऱ्यावर. तशीच मी बोलू लागले. नापास झाल्यापासून मीही पिवळीच पडलेय, म्हटलं. परत नापास झाले तर आईला तोंड कसं दाखवू, तेही सांगितलं. मग यमुनाबाईंना म्हणाले, "तो रस्त्यावर बी का टाकतो, तर त्याला रस्ताही वाया गेलेला वाटत नसेल."

त्यांनी पुढचं रोप अंगठ्यानं दाबलं. "हां, हे समजलं," म्हणाल्या. "माहा एक पोरगा हाय, असाच गोटा. बोलत नाई, येत नाई. मी फोन लावत राह्यतो."

आम्ही मागं मागं सरकत राहिलो. पलीकडचा धुरा आला तेव्हा प्रवचन संपलं होतं.

पुण्याला परतल्यावर सरांनी माझ्यासमोर पाकीट फोडलं. पहिल्या दोन कागदांवर "चांगल्या बोलल्या" एवढंच होतं. तिसरा यमुनाबाईंनी सांगितलेला आणि पास्टरांनी जसाच्या तसा लिहून घेतलेला. सर छापील प्रश्न आणि त्यापुढची उत्तरं मोठ्यानं वाचू लागले.

"प्रवचन किती वेळ चाललं? या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. काय सुधारावं? पऱ्हे वाकडे लावते, हात बसन. पुढच्या साली परत धाडा."

सरांनी चष्मा पुसला. "आणि ती बावीस पानं?"

"ओल्या लाकडांनी पास्टरांच्या घरची चूल पेटत नव्हती, सर."

त्यांनी 'उत्तीर्ण' लिहून सही केली आणि मी त्यांच्यासमोर हमसून हमसून रडले. आईला फोन नंतर लावला.

पुढच्या आषाढात मी परत चाललेय. या खेपेला छत्री नेणार नाही. रोवताना दोन्ही हात लागतात.