बांगड्या उतरवायचा सराव

माझी वहिनी शाल्मली नाशिकला कित्येक वर्षं महिला पोलिसांना पिस्तूल चालवायला शिकवायची. लग्न होऊन लीड्सला आली आणि एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसली. या देशात सामान्य माणसाला पिस्तूल ठेवायचीच बंदी, मग शिकवणार कोणाला? आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका मात्र ओळख झाल्या झाल्या एकच विचारायच्या, "अय्या, किती जणांना गोळ्या घातल्यास गं?" वहिनी सांगायची, "एकालाही नाही. त्यासाठीच तर ट्रेनिंग असतं." बायकांचे चेहरे पडायचे.

तिचं म्हणणं साधं होतं. माणूस घाबरला की डोकं चालत नाही, हात चालतो. आणि हात तेवढंच करतो, जे त्याच्याकडून शंभरदा करून घेतलेलं असतं. तिच्या हाताखालच्या पोरी आधी नुसतं रिकामं पिस्तूल काढायच्या आणि परत ठेवायच्या, हात भरून येईपर्यंत. काढणं सोपं, काढलेलं परत ठेवायला शिकणं अवघड, असं ती म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात आपल्या लोकांच्या सोन्यावर चोरांचा डोळा पडला, तेव्हा कुठे मंडळाला वहिनीची आठवण झाली. तिने दहा रविवार मागितले. अध्यक्ष शशिधरराव म्हणाले, "दहा? अहो, संक्रांतीच्या हळदीकुंकवात अर्धा तास घ्या की! दोन-चार ट्रिक्स दाखवा, मग तिळगूळ आहेच." फुकट शिकवणार, तरी घासाघीस!

तरी ती गेली. हॉलमध्ये उभी राहून म्हणाली, "रस्त्यात कोणी बांगड्यांना हात घातला तर झटापट करायची नाही. उतरवायच्या, एकीकडे फेकायच्या आणि ओरडत दुसरीकडे पळायचं. चला, उतरवा. हाताला सवय होईपर्यंत करू."

बायकांनी हात पदराखाली घेतले. मग शशिधररावांच्या बायको, सुप्रभाताई, फणकारल्या, "हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना बांगड्या उतरवायला सांगतेस? जिभेला काही हाड?" या सुप्रभाताई दातांच्या डॉक्टर. रूट कॅनाल करावं तर त्यांनीच, असं त्यांचं नाव. ब्रॅडफर्डहून पेशंट यायचे. त्यांनीच नाही म्हटल्यावर बाकीच्यांची काय टाप? वहिनी म्हणाली, "बरं, नुसतं ओरडून तरी बघा." तेही हसण्यावारी गेलं.

पुढच्याच आठवड्यात कोणीतरी ग्रुपवर एका जिमवाल्याचा व्हिडिओ टाकला. मनगट धरा, पिरगाळा, की चोर गुडघ्यावर! वाहवाच वाहवा झाली. वहिनीने खाली लिहिलं, 'सरावाशिवाय हे करू नका.' त्यावर एकीने हसरा चेहरा टाकला. मेली!

मार्चमध्ये सुप्रभाताई एका डोहाळजेवणाहून निघाल्या आणि भर दुपारी कार पार्कमध्ये एका पोराने त्यांच्या बांगड्यांना हात घातला. ताईंनी त्याचं मनगट धरलं आणि व्हिडिओत दाखवलं तसं पिरगाळलं. तो काही गुडघ्यावर आला नाही. त्याने ताईंचा उजवा हात गाडीच्या दारात दाबला आणि दार आपटलं. लोक धावले तसा तो पळाला. बांगड्या हातातच राहिल्या.

दोन ऑपरेशनं झाली. बोटं वळत नाहीत. ताईंना साधा चमचा धरता येईना, तिथे दातांची हत्यारं कसली धरणार? उभी हयात घालून उभारलेला दवाखाना त्यांनी विकला.

आणि मंडळाने काय करावं? सत्कार!

शाल खांद्यावर घातली, नारळ मात्र शशिधररावांनाच धरावा लागला. ते माइकवरून म्हणाले, "चोराला एक गुंजभरही मिळू दिलं नाही हिने! याला म्हणतात मराठी बाई!" टाळ्याच टाळ्या. पुढच्या रांगेत शाळकरी पोरी फोन धरून शूटिंग करत होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

मग ताई बोलायला उभ्या राहिल्या. भाषण केलंच नाही त्यांनी. गर्दीत वहिनीला शोधलं आणि माइकवरूनच विचारलं, "शाल्मली, तू यातली माहितगार. मी केलं ते बरोबर केलं ना गं?" हात शालीखाली झाकलेला होता आणि आवाज रडवेला.

वहिनी उठली. मी मनात म्हटलं, आता सुनाव चांगलं! वरिष्ठ साहेबांनाही तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणणारी बाई ती. तिने ताईंच्या त्या शालीकडे पाहिलं.

"हो, ताई," ती म्हणाली. "अगदी बरोबर केलंत."

हॉल दणाणला. पुढच्या रांगेतल्या पोरी तर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

गाडीत बसल्यावर मला राहवेना. "खोटं का बोललीस?"

"हात तर गेलाच त्यांचा. दुसरं काय देणार होते मी त्यांना?"

"आणि त्या पोरी?"

वहिनीने तोंड खिडकीकडे फिरवलं.