होत्ये जागा

दारात कुणाची सावली पडली की आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू आधी पदर आवरून बसल्या जागी वीतभर सरकायच्या आणि मग विचारायच्या, "कोण ते?" जागा आधी, ओळख नंतर. दोन खोल्यांचं बिऱ्हाड. पण देवरूखहून सिव्हिलला आलेला पेशंट असो की अलोऱ्याहून परीक्षेला आलेल्या मुली, काकूंचं म्हणणं एकच, "होत्ये जागा. सरका जरा." अशा एखाद्या काकू तुमच्याही पाहण्यात असतील.

मी वरच्या मजल्यावर तीन खोल्यांत राहतो आणि पाहुणे येणार म्हटलं की आधी त्यांच्या परतीच्या गाडीची वेळ विचारतो. माझा लॅपटॉपही माझ्यावरच गेला होता. पापडासारखा पातळ, दिसायला नाजूक आणि सदानकदा जागा नसल्याची तक्रार. माझं भाषांतराचं काम त्याच्यावरच चालतं, त्यामुळे जागा वाढवणं भाग होतं. दुकानात देण्याऐवजी मी नवी ड्राइव्ह मागवली. दोन व्हिडिओ बघून मला इंजिनिअर झाल्यासारखं वाटत होतं.

उजेड चांगला म्हणून काकूंच्या पडवीत बसलो. त्यांच्या वाटीत स्क्रू काढून ठेवले, झाकण उघडलं. नवी ड्राइव्ह म्हणजे आंबापोळीची कापलेली पट्टीच. ती ठेवायला गेलो तर आतली जागा तिच्या निम्मी. माप बघायचं असतं हे मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी चहा घेत होतो.

"बसत नाही," मी म्हणालो.

"मग सरकव की जरा."

सरकवण्यासारखं आत काही नाही, हे काकूंना पटेना. चष्मा लावून त्या डोकावल्या आणि म्हणाल्या, "ही कोण एवढी पसरून बसल्ये?" मी सांगितलं, बॅटरी. ती तसूभरही सरकत नाही हे ऐकून त्यांनी बॅटरीबद्दल जे मत करून घेतलं ते शेवटपर्यंत बदललं नाही.

मापाची ड्राइव्ह यायला वेळ लागणार होता आणि काम तर थांबणार नव्हतं. तेव्हा आहे त्यातलंच काही काढून टाकावं असं ठरलं. फोनही भरलेला असल्यामुळे माझे सगळे फोटो लॅपटॉपवरच होते. ते एकेक बघायला काकू शेजारी बसल्या. मला माझं काहीच काढवेना. एकाच आंब्याच्या पेटीचे सतरा बाजूंनी काढलेले फोटोसुद्धा महत्त्वाचे वाटू लागले. मग काकूंचे फोटो आले. फणस कापताना, झोपाळ्यावर, माझ्यावर रागावलेल्या.

"माझे काढून टाक," त्या म्हणाल्या.

"असू देत हो."

"अरे, मी आहे की इथे खालीच. मला बघायला फोटो कशाला हवा? जिना उतर."

जन्मात पहिल्यांदा मी मोठ्यांचं ऐकलं. पासपोर्टसाठी काढलेले स्वतःचे सगळे फोटो मात्र ठेवले, न जाणो कधी प्रवासाचा योग आलाच तर.

पुढे मापाची ड्राइव्ह आली, बसलीही. आता लॅपटॉपमध्ये ऐसपैस जागा आहे. काकू गणपती उठल्यावर चारच दिवसांनी झोपेतच गेल्या. जिना अजूनही उतरतो, पण खाली कुलूप असतं. मला त्यांची फार आठवण येते.

परवा एकदा सगळे फोटो पालथे घातले. अलोऱ्याच्या मुलींचा, परीक्षा संपल्यावर पडवीत काढलेला एक फोटो निघाला. काकू त्यात नाहीत असं समजून त्या दिवशी आम्ही तो ठेवला होता. काढताना सगळ्या मावत नव्हत्या आणि मी कुरकुरत होतो, ते आठवलं. फोटोत मुली छान ऐसपैस बसल्या आहेत. डाव्या कडेला फक्त एक कोपर आणि आवरून धरलेला पदर दिसतो. बाकीच्या काकू, मुलींना जागा व्हावी म्हणून, फोटोबाहेर सरकल्या आहेत.