एर्लिंडासाठी प्रार्थना

पेनिना घरातली थोरली. धाकटी भावंडं एकेक करून ऑकलंडला गेली, एक ताविता तेवढा गावात राहिला, आणि म्हाताऱ्या आईबापांचं करायला पेनिना राहिली. ती दोघं गेली तोवर तिचं लग्नाचं वयही उलटून गेलं होतं. कुणी म्हटलं, "बाई, तू होतीस म्हणून झालं सगळं," तर ती म्हणायची, घरचंच तर होतं, त्यात काय. पण असं म्हणणारं माणूस तरी कुठं रोज भेटतं?

मग ती मनिलाची मालिका आली. संध्याकाळची प्रार्थना उरकली, भांडी घासून झाली, की ज्यांच्या घरी टीव्ही त्यांच्याकडे निम्मं गाव चटया टाकून बसायचं. मालिकेत एर्लिंडा नावाची थोरली बहीण होती. लोकांचे कपडे धुऊन तिनं भावंडांना शिकवलं, आणि स्वतः विटक्या झग्यात म्हातारी होत चालली. दुसऱ्या दिवशी बायका वीणघरात जमल्या, केवड्याच्या पातींच्या तलम सालींनी चटया विणायला बसल्या, आणि लोमी म्हणाली, "पेनिना, अगं ही तर तूच!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी पेनिना घरी गेली ती जमिनीवरून चाललीच नाही. इतकी वर्षं जे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, ते दूरदेशीच्या कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

तेव्हापासून ती एर्लिंडासारखा मानेवर अंबाडा घालू लागली. बायका थट्टेनं "एर्लिंडा" अशी हाक मारत, आणि ती खुशाल ओ देई.

लिहिणाऱ्यांनी मात्र मध्येच वाट बदलली. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, आणि ती गेली तर आपण एकट्या पडू म्हणून एर्लिंडानं तिच्याबद्दल एक घाणेरडी कंडी पिकवून ते लग्न मोडलं. झालं, वीणघरात एर्लिंडाच्या नावानं बोटं मोडणं सुरू झालं. कालची देवी आज कैदाशीण. पेनिनाला प्रत्येक शब्द आपल्याच पाठीत बसल्यासारखा वाटे. "तिनं का केलं ते बघा ना," असं ती सांगू जाई, आणि कुणी ऐकलं नाही की लोमीच्या हातचा कोकोसुद्धा नाकारून तोंड फुगवून बसे.

पुढे एर्लिंडाला मोटारीनं उडवलं. भाग संपला तेव्हा ती इस्पितळात डोळे मिटून पडली होती.

दुसऱ्या दिवशी बुधवार, बायकांच्या प्रार्थनेचा. कुणाकुणाच्या घरी दुखणं आहे त्यांची नावं एकेकीनं घ्यायची, आणि पाद्रीणबाईंनी सगळ्यांसाठी मिळून देवाकडे मागायचं, अशी रीत. पेनिनाची पाळी आली. रात्रभर जे मनात घोळत होतं तेच तोंडून निघालं. "एर्लिंडा. मोटारीखाली सापडलीय."

पाद्रीणबाई मालिका बघत नसत. त्यांनी काळजीनं विचारलं, तुझ्या नात्यातली का गं? तेव्हाच जीभ चावायची, पण पेनिना म्हणाली, "हो. बहिणीसारखी." मग पाद्रीणबाईंनी एर्लिंडाच्या मोडलेल्या हाडांसाठी, तिच्या घरच्यांना धीर मिळावा म्हणून, अगदी कळवळून प्रार्थना केली. बायकांच्या माना खाली होत्या आणि खांदे हलत होते. लोमीच्या नाकातून एक आवाज निघाला, तो तिनं खोकल्यावर निभावला. सिनिवा तेवढी हसली नाही.

सिनिवा म्हणजे पेनिनाची जोडीदारीण. त्या दोघी मिळून एकच चटई विणत होत्या, दोन बाजूंनी मध्याकडे येत. अशी चटई महिनोन्‌महिने चालते, आणि एवढ्या महिन्यांत दोघी बायका एकमेकींपासून लपवून तरी काय ठेवणार?

गुरुवारी सकाळी वीणघरात जी ती एर्लिंडाच्या तब्येतीची चौकशी करू लागली. शेवटी सिनिवालाही राहवलं नाही. साल ओढता ओढता ती म्हणाली, "आता औषधपाणीही आपणच करायचं का? मी तर म्हणते, ती बया उठूच नये. उठली की पुन्हा बहिणीच्या मुळावर येईल. स्वतःचं काही झालं नाही ना, की असल्या बायकांना दुसऱ्याचं झालेलं बघवत नाही."

सगळ्या खो खो हसल्या. पेनिनाला मात्र त्यातलं "स्वतःचं काही झालं नाही" एवढंच ऐकू आलं.

"माझी एर्लिंडा खोटी असेल," ती म्हणाली, "पण चारचौघींत मी तिचं नाव तरी घेतलं. तुझा फिलिपो खराखुरा तुरुंगात बसलाय. एका तरी बुधवारी त्याचं नाव निघालं तुझ्या तोंडून?"

हसणं जागच्या जागी विरलं. सिनिवाचा मुलगा फिलिपो तुरुंगात आहे हे गावाला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे गावानं सिनिवाला कधी कळू दिलं नव्हतं. सिनिवानं हातातली साल खाली ठेवली. वाऱ्यानं वीण उलटू नये म्हणून कडेचा दगड नीट सरकवला आणि चपला घालून निघून गेली. पेनिनाला कुणी बोललं नाही. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. कुणी बोललं असतं तर बरं, असं तिला झालं.

संध्याकाळी ती ताविताकडे गेली. तो आता घराण्याचा प्रमुख होता. एखाद्या घराण्याकडून मोठा अपराध घडला, की त्यांच्या प्रमुखानं डोक्यावरून तलम चटई पांघरून दुखावलेल्यांच्या अंगणात जाऊन बसायचं. त्यांनी येऊन चटई उचलली की क्षमा झाली. तू माझ्यासाठी बस, नाहीतर मला तरी बसू दे, असं ती म्हणाली.

ताविता म्हणाला, "अक्का, रक्त सांडलं तर बसतात तसं. पंचांना मी काय सांगू, टीव्हीतल्या बाईपायी झालं? आणि तू तिथं बसलीस की सगळा गाव बघायला जमेल. त्या पोराचं नाव आणखी शंभर तोंडी होईल. ते हवंय तुला?"

पेनिना खाली मान घालून परतली. वाटेत तिच्या ध्यानात आलं, की दुपारपासून आपण मनात ते सगळं बघतच होतो: आपण चटईखाली वाकलेल्या, सिनिवा रडत धावत येते, चटई उचलते, गळ्यात पडते, बघणाऱ्यांचे डोळे भरतात. क्षमा मागायची तीसुद्धा मालिकेतल्यासारखी. अंधारात एकटीच चालत असूनही तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

सकाळी ती सिनिवाकडे गेली, रिकाम्या हातांनी. बिनभिंतींचं घर, ती येतेय हे सिनिवाला लांबूनच दिसलं असणार. दारी आलेल्याला "ये, बैस" म्हणायचं एवढं तर परक्यालाही मिळतं. सिनिवा काही म्हणाली नाही. पेनिना कडेच्या दगडांवर टेकली.

"माझं चुकलं, सिनिवा."

सिनिवा कंदाची साल काढत राहिली. मग म्हणाली, "बुधवारी त्याचं नाव मी ओठांपर्यंत आणते. तिथंच अडतं. हे तुला कसं माहीत, पेनिना? मीच सांगितलं म्हणून."

"मला वाटलं, 'स्वतःचं काही झालं नाही' हे तू मला बोललीस."

"तुला बोलायचं असतं तर तोंडावर बोलले असते. मी कुणाला भिते का? तुझ्यात खोडी कमी आहेत होय? तू मानी आहेस. कुणी काही म्हणायच्या आधीच रुसून बसतेस. आईबापांचं केलंस, चांगलं केलंस, पण ते कुणी रोज आठवून द्यावं अशी तुझी हाव आहे. हे सगळं तुझं. त्या बयेचं नव्हे."

पेनिनाच्या जिभेवर चार उत्तरं आली. चारही खरी होती. तिनं ती गिळली, आणि दगडावर बोट फिरवत बसून राहिली.

"आता जा," सिनिवा म्हणाली. "उद्या येईन मी विणायला. अर्धी टाकली तर वाळून फुकट जाईल. तुझ्यासाठी येत नाही."

ती आली. दोघी आपापल्या बाजूनं विणू लागल्या. बायका ऑकलंडहून येणाऱ्या पाहुण्यांबद्दल, माशांबद्दल बोलत होत्या. मालिकेचा विषय कुणी काढला नाही. दुपारी सिनिवा उठून पेनिनाच्या बाजूला आली, वाकून बघितलं, आणि पेनिनानं सकाळपासून विणलेला पट्टा बोटांनी उसवू लागली. शेवटची ओळ सुटेपर्यंत उसवला. सगळ्या बघत होत्या.

"सैल आहे," ती म्हणाली.

"हं," पेनिना म्हणाली. चेहरा आतून पेटला होता. सुटलेल्या साली तिनं मांडीवर घेतल्या, एकेक सरळ केली आणि पहिल्यापासून विणायला बसली. सिनिवा आपल्या जागी परत गेली. संध्याकाळपर्यंत पेनिनानं मान वर केली नाही.